जिवंत पेशीला रंग कसा द्यावा?



धुतलेला पांढरा सदरा उन्हांत वाळत घातला म्हणजे तो पुष्कळदां नुसता पांढरा दिसत नाहीं. किंचित् निळसर झांक मारून तो चमकतो. पूर्वीं हें काम घरोघर निळीकडे असे. पुढें टिनोपॉलसारखीं द्रव्यें आलीं, आणि आज तर कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत तसलें एखादें द्रव्य घातलेलेंच असतें. परंतु नीळ आणि हें नवें द्रव्य यांच्या कामाची तऱ्हा अगदीं निराळी आहे. नीळ कापडाचा पिवळटपणा मारते, म्हणजे प्रकाशांतला कांहीं भाग ती गिळून टाकते. नवें द्रव्य प्रकाश गिळतें खरें, पण तो परतही देतें. सूर्यप्रकाशांत आपल्या डोळ्यांना न दिसणारे जे जंबुपार किरण असतात ते तें शोषून घेतें, आणि त्यांच्या मोबदल्यांत डोळ्यांना दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकतें. या गुणास शास्त्रांत प्रतिदीप्ति म्हणतात. इंग्रजींतील त्याचें नांव फ्लुओरेसन्स.

ज्या गुणामुळें आपला सदरा चमकतो त्याच गुणाच्या साह्यानें आज शास्त्रज्ञ जिवंत पेशीच्या अंतरंगांत डोकावून पाहतात. मात्र कापडास रंग देणें आणि जिवंत पेशीस रंग देणें यांत मोठें अंतर आहे. कापड तक्रार करीत नाहीं; पेशी करते, आणि तिची शेवटची तक्रार म्हणजे तिचा मृत्यु. तेव्हां पेशीचें जीवन न बिघडवितां तिला रंग कसा द्यावा, आणि त्यासाठीं रसायनशास्त्रज्ञ नवे रेणु कसे योजतो व घडवितो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ आपण कापसापासूनच करूं. वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाटच्या पुढें, नागपुराहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वडनेर हें गांव लागतें. हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा आणि पऱ्हाटीचा. वडनेरच्या एखाद्या शेतांत फुटलेल्या बोंडांतून कापसाचा एकच तंतु उपटून घेतला, तर तो तंतु म्हणजे एक अखंड पेशी असते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. फूल उमलण्याच्या सुमारास कोवळ्या सरकीच्या सालीवरील कांहीं पेशी वर फुगूं लागतात आणि पुढील दोन-तीन आठवडे लांबतच जातात. जाडी मिलिमीटरचा सुमारें पन्नासावा भाग, आणि लांबी मात्र २५ ते ३० मिलिमीटर! पुढें ही पेशी आपल्या भिंतीला आंतून सेल्युलोजचे थरावर थर देते. बोंड फुटतें तेव्हां ती मेलेली असते; उरतें तें तिचें रिकामें, वाळलेलें कवच. आपण अंगावर घालतों तें वस्त्र या कवचांचेंच विणलेलें असतें. त्याला उकळत्या रंगांत बुडवा, सोड्यांत भिजवा, पिळा. त्याची हरकत नसते.

परंतु हीच पेशी बोंडाच्या आंत जिवंत असतांना तिच्यांत काय चाललेलें असतें? सेल्युलोजचे थर कोणत्या दिशेनें पडावे हें ठरविणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका तिच्या आंत असतात. केंद्रक असतें, शक्ति निर्माण करणारे मायटोकॉन्ड्रिया नांवाचे कण असतात, आणि हें सर्व क्षणोक्षणीं हालत, बदलत असतें. तंतु लांब होईल कीं आंखूड, बळकट होईल कीं कच्चा, हें त्या हालचालींवर ठरतें. जें कापसाच्या पेशीचें तेंच आपल्या हृदयाच्या, मेंदूच्या आणि रक्ताच्या पेशीचें. मेलेल्या पेशीचें चित्र म्हणजे बाजार उठून गेल्यावर घेतलेलें बाजाराचें छायाचित्र. दुकानें दिसतात, पण व्यवहार दिसत नाहीं.

आतां अडचण अशी कीं, जिवंत पेशी जवळ जवळ पारदर्शक असते. प्राण्याची साधारण पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी. इतक्या पातळ थरांत साधा रंग दिसावयाचा तर तो पुष्कळ घालावा लागतो, आणि पुष्कळ घातला कीं पेशी मरते. प्रतिदीप्तीनें ही अडचण दूर होते. दिवसां आकाशांत तारे असतातच, पण ते दिसत नाहींत; रात्रीं दिसतात, कारण पार्श्वभूमि काळी असते. प्रतिदीप्तिशील रंगद्रव्याचेंही तसेंच आहे. जो प्रकाश त्याच्यावर टाकावा त्याहून निराळ्या रंगाचा प्रकाश तें परत देतें. मग टाकलेला प्रकाश गाळणाऱ्या कांचेनें अडविला, कीं काळोखांत फक्त रंगद्रव्य तेवढें चमकत राहतें. या युक्तीनें आज एकेकटा रेणुसुद्धां दिसूं शकतो.

परत येणारा प्रकाश निराळ्या रंगाचा असतो, हें जॉर्ज स्टोक्स या इंग्लंडांतील शास्त्रज्ञानें १८५२ सालीं दाखवून दिलें. रेणूनें प्रकाश घेतला म्हणजे त्यांतील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात. खालीं येण्यापूर्वीं त्यांची थोडी शक्ति रेणूच्या थरथराटांत खर्च होते, आणि उरलेलीच प्रकाशरूपानें बाहेर पडते. जुन्या हिशेबानें बोलावयाचें तर, रुपया दिला कीं पंधरा आणे परत येतात. एक आणा वाटखर्च. म्हणून जंबुपार घेतला तर निळा मिळतो, निळा घेतला तर हिरवा, आणि हिरवा घेतला तर नारिंगी. हा सर्व व्यवहार सेकंदाच्या अब्जांश भागांत आटोपतो.

या कामाचीं पहिलीं हत्यारें रंगाच्या कारखान्यांतूनच आलीं. १८५६ मध्यें पर्किन यानें पहिलें कृत्रिम जांभळें रंगद्रव्य बनविलें आणि रंगांचें युग सुरू झालें. १८७१ मध्यें आडोल्फ फॉन बायर यांनीं फ्लुओरेसीन तयार केलें. तें निळा प्रकाश घेऊन झगझगीत हिरवा प्रकाश देतें. तें किती थोडें पुरतें याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. जर्मनींत डॅन्यूब नदीचें पाणी एके ठिकाणीं जमिनींत गडप होतें. १८७७ सालीं तेथें सुमारें १० किलोग्रॅम फ्लुओरेसीन सोडलें, तेव्हां सुमारें ६० तासांनीं दूरच्या आख नदीचा झरा हिरवा होऊन वाहूं लागला, आणि दोन्ही पाणी एकच असल्याचें सिद्ध झालें. हेंच द्रव्य आज नेत्रवैद्य मधुमेही रोग्याच्या शिरेंत टोचतात आणि डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या कोठें गळत आहेत तें पाहतात. १८८७ मध्यें फ्लुओरेसीनचाच लाल-नारिंगी भाऊबंद ऱ्होडामीन आला. तो रेशीम रंगविण्यासाठीं निर्माण झाला होता. पेशीशास्त्रांत त्याचें भाग्य पुढें उघडणार होतें.

त्याच काळांत पाउल एर्लिख यांनीं मेथिलीन ब्लू हा रंग जिवंत प्राण्याच्या शरीरांत टोचून पाहिला, तों मज्जातंतु तेवढे निळे झाले. एर्लिख यांच्या ध्यानांत आलें तें असें : एखादा रेणु शरीरांत शिरून एकाच जागीं जाऊन बसतो, याचा अर्थ त्या जागेशीं त्याचें नातें आहे. आणि जो निवडून बसूं शकतो तो निवडून मारूंही शकेल. १८९१ मध्यें त्यांनीं हाच रंग हिंवतापाच्या रोग्यांस औषध म्हणून दिला. नव्या औषधशास्त्राची एक मोठी शाखा अशी रंगाऱ्याच्या भांड्यांतून फुटली आहे.

आतां रचनेच्या प्रश्नाकडे वळूं. जिवंत पेशीसाठीं रंगद्रव्य योजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञास पांच अटी पाळाव्या लागतात. द्रव्यानें पेशींत शिरलें पाहिजे. योग्य जागा शोधली पाहिजे. त्याच जागीं चमकलें पाहिजे, इतरत्र नव्हे. प्रकाशाच्या माऱ्यांत टिकलें पाहिजे. आणि पेशीला बाधतां कामा नये. एकेक अट सोपी दिसते. पण पांचही एका रेणूंत साधणें कठीण, कारण एकीसाठीं केलेला बदल दुसरीच्या मुळावर येतो.

पहिली अट शिरकावाची. पेशीभोंवतीं तेलकट द्रव्याचें अत्यंत पातळ पटल असतें. तेल आणि पाणी मिसळत नाहींत हें आपण जाणतोंच. म्हणून पाण्यांत सहज विरघळणारे, ऋण विद्युद्भार असलेले रेणु त्या पटलाशीं अडतात. परंतु पुष्कळ उपयुक्त रंगद्रव्यें नेमकीं अशींच असतात. यावर युक्ति निघाली ती वेषांतराची. रेणूचे भारयुक्त गट दुसऱ्या एका तेलकट गटानें झांकून टाकावयाचे. त्या वेषांत रेणु पटलांतून आंत शिरतो. आंत पेशीचे स्वतःचे पाचकरस तो वेष कापून काढतात, रेणु उघडा पडतो, आणि आतां तो बाहेर पडूं शकत नाहीं. फ्लुओरेसीनला असा वेष चढविला म्हणजे तें निस्तेज होतें, आणि पेशींत वेष उतरतांच चमकूं लागतें. ज्या पेशीचे रस चालू आहेत आणि पटल शाबूत आहे तीच चमकते. मेलेली चमकत नाहीं. म्हणून फुलाचा पराग जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वनस्पतिशास्त्रज्ञ हीच कसोटी लावतात.

या युक्तीचा मोठा उपयोग रॉजर त्सिएन यांनीं केला. आपले स्नायु आंखडतात, हृदय ठोके देतें, मेंदूंतील पेशी संदेश पाठवितात. या सर्वांत कॅल्शियमचा हात असतो. विश्रांत पेशीच्या आंत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं कमी असतें, आणि इशारा मिळतांच तें क्षणभर उसळतें. ती उसळी पाहण्यासाठीं त्सिएन यांनीं कॅल्शियमला चिमट्यासारखा धरणारा रेणूचा भाग घेऊन त्यास चमकणारा भाग जोडला. १९८१ मध्यें त्यांनीं वेषांतराची युक्ति प्रसिद्ध केली, आणि १९८५ मध्यें त्यांच्या मंडळीनें फुरा-२ हें रंगद्रव्य जाहीर केलें. कॅल्शियम धरलें कीं त्याची प्रकाश घेण्याची आवड बदलते. दोन निराळ्या प्रकाशांत त्याची चमक मोजून त्यांचें प्रमाण काढलें, कीं कॅल्शियम किती तें कळतें. चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाच्या कामाबद्दल २००८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. परंतु त्यांच्या हातची पहिली करामत हीं रंगद्रव्यें होत.

दुसरी अट जागा शोधण्याची. येथें रसायनशास्त्रज्ञ पेशीच्याच स्वभावाचा फायदा घेतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आंतल्या पटलावर विजेचा दाब असतो, सुमारें १५० ते १८० मिलिव्होल्ट. आंतली बाजू ऋण. तेव्हां ज्या रेणूवर धन भार आहे आणि जो पुरेसा तेलकट आहे, तो आपोआप तिकडे ओढला जातो. दर ६० मिलिव्होल्टला त्याचें प्रमाण दसपट वाढतें, म्हणजे आंत तो शेंकडों पटींनीं गोळा होतो. ऱ्होडामीन-१२३ या द्रव्यानें जिवंत पेशींतील मायटोकॉन्ड्रिया असे उजळून निघाल्याचें १९८० मध्यें दाखविण्यांत आलें. पेशी दमली, दाब उतरला, कीं रंगही तेथून ओसरतो. म्हणजे रंग नुसती जागा दाखवीत नाहीं, प्रकृतिही सांगतो. केंद्रकासाठीं दुसरी वाट आहे : आनुवंशिक गुण वाहणाऱ्या डी.एन.ए.च्या पिळाला एक अरुंद घळ असते. त्या घळींत बरोबर बसेल असा वाकडा, चपटा रेणु बनवावयाचा. 'होएक्स्ट' नांवाचीं निळीं रंगद्रव्यें तशींच आहेत.

तिसरी अट, फक्त योग्य जागींच चमकण्याची, सर्वांत मनोरंजक आहे. कांहीं रेणूंचे दोन भाग एका बंधावर पंख्याच्या पात्यांप्रमाणें फिरूं शकतात. मोकळ्या पाण्यांत ते फिरतात आणि घेतलेली शक्ति फिरण्यांतच उधळतात. प्रकाश निघत नाहीं. दाट, चिकट किंवा अडचणीच्या जागीं ते अडकले कीं फिरणें थांबतें आणि शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. अशा रेणूंची चमक पाहून पेशीचा आंतला भाग किती दाट आहे हें कळतें. ऱ्होडामीनचें दुसरेंच आहे. त्याच्या रेणूला एक कडी असते. कडी मिटलेली असतां तो रंगहीन व तेलकट असतो. उघडली कीं रंगीत व चमकदार होतो. रसायनशास्त्रज्ञ या दोहोंचा तोल असा साधतो कीं, भटकतांना कडी मिटलेली राहावी आणि रेणु लक्ष्याला जाऊन चिकटला कीं ती उघडावी. मिटलेल्या अवस्थेंत तो पटलांतूनही सहज पार होतो. म्हणजे एकाच कडीनें दोन कामें होतात.

चौथी आणि पांचवी अट एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रकाश घेतलेला रेणु प्रत्येक वेळीं सरळ मार्गानें खालीं येतो असें नाहीं. कधीं तो एका आडवाटेवर रेंगाळतो, आणि तेथें आपली शक्ति शेजारच्या प्राणवायूला देतो. हा खवळलेला प्राणवायु रंगद्रव्याला खातो, म्हणून रंग विटतो. तो पेशीच्या घटकांनाही खातो, म्हणून पेशी आजारी पडते. उपाय तीन आहेत. पहिला, घेतलेल्या प्रकाशापैकीं जास्तींत जास्त परत देणारा रेणु घडविणें, म्हणजे दिवा मंद ठेवतां येतो. दुसरा, निळ्या-जंबुपार प्रकाशाऐवजीं लाल प्रकाशावर चालणारा रेणु घडविणें, कारण लाल प्रकाश पेशीला कमी बाधतो. तिसरा, पाहण्याचा लोभ आवरणें. तो रसायनशास्त्राबाहेरचा आहे, पण महत्त्वानें कमी नाहीं.

एखाद-दुसऱ्या अणूच्या बदलानें केवढा फरक पडतो याचीं दोन उदाहरणें देतों. ऱ्होडामीनच्या दोन्ही टोकांस नत्राचे अणु असतात आणि त्यांवर कर्बाचे दोन-दोन छोटे गट लोंबत असतात. हे गट वळवळतात आणि शक्ति वायां घालवितात. अमेरिकेंत ल्यूक लॅव्हिस व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ मध्यें ते सुटे गट काढून त्यांच्या जागीं चार अणूंचें घट्ट वलय बसविलें. परिणाम असा झाला कीं, पूर्वीं घेतलेल्या प्रकाशकणांपैकीं शेंकडा ४१ परत येत असत, ते शेंकडा ८८ येऊं लागले. दुसरें उदाहरण २०१३ मधील. ऱ्होडामीनच्या मधल्या वलयांतील प्राणवायूचा एक अणु काढून तेथें सिलिकॉनचा अणु बसविलेले रेणु माहीत झाले होते; काय योन्सन यांच्या प्रयोगशाळेनें त्यांना जिवंत पेशीच्या कामाला जुंपलें. हा रेणु हिरव्याऐवजीं लाल प्रकाश घेतो, आणि वर सांगितलेली कडीची किमयाही त्याच्या अंगीं असते.

हे रेणु भट्टींत कसे उतरतात? फ्लुओरेसीनची कृति दीडशें वर्षांत फारशी बदललेली नाहीं : थॅलिक अॅनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल हीं दोन द्रव्यें एकत्र तापविलीं कीं त्यांचा जोड होऊन रंग तयार होतो. ऱ्होडामीनही याच वळणाचें. नव्या रचनांना मात्र पांच, सात, दहा पायऱ्या लागतात, आणि दर पायरीला माल घटत जातो. ग्रॅमांनीं आरंभ केला तर शेवटीं मिलिग्रॅम हातीं येतात. सर्वांत वेळखाऊ काम शुद्धीकरणाचें. कापडाच्या रंगांत शेंकडा दोन भाग भेसळ असली तरी चालते. येथें मात्र ती भेसळच चमकत असेल, तर सारें चित्र खोटें ठरतें. मग परीक्षा : आधीं नुसत्या द्रावणांत, मग मेलेल्या पेशींत, आणि शेवटीं जिवंत पेशींत. पहिल्या दोन्हींत उत्तम ठरलेलीं पुष्कळ द्रव्यें तिसरींत नापास होतात.

ही विद्या आपल्याला परकी नाहीं, हें येथें आवर्जून सांगितलें पाहिजे. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला, तो कापड आणि रसायनें या मुंबईच्या धंद्यांस शास्त्राची जोड मिळावी म्हणून. पुढें माटुंग्यास स्थिरावलेल्या या संस्थेचे कृष्णस्वामी वेंकटरामन हे १९३८ पासून १९५७ पर्यंत संचालक होते, आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगद्रव्यांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्यें निघाले. १९७८ पर्यंत त्यांची संख्या आठ झाली, आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर ते मानानें राहिले.

वेंकटरामन यांच्या नांवाची एक रासायनिक क्रिया प्रसिद्ध आहे. बेकर या इंग्लिश शास्त्रज्ञाचें नांव तिला जोडलेलें असतें. तिच्या योगानें फ्लाव्होन कुळांतील द्रव्यें बनवितां येतात. हीं द्रव्यें म्हणजे फुलापानांतील पिवळा रंग. पऱ्हाटीच्या फुलांतील गॉसिपेटिन हें पिवळें द्रव्य याच विस्तृत कुळांतलें, आणि त्याचें नांवही कापसाच्या शास्त्रीय नांवावरून पडलेलें आहे. या कुळांतील कांहीं कृत्रिम रेणूंना एक चमत्कारिक संवय आहे : प्रकाश घेतल्यावर त्यांतील हायड्रोजनचा एक कण रेणूच्या आंतल्या आंत जागा बदलतो, आणि म्हणून ते एका वेळीं दोन रंगांत चमकतात. दोन्ही रंगांचें प्रमाण भोंवतालच्या परिस्थितीप्रमाणें बदलतें. त्यामुळें जिवंत पेशीच्या पटलाची प्रकृति तपासण्यास आज ते वापरले जातात. वडनेरच्या शेतांतील पिवळा रंग आणि प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक यांच्यामध्यें असें जवळचें नातें आहे.

माटुंग्याची संस्था २००८ मध्यें स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाली. तेथें प्राध्यापक नागय्यन शेकर यांच्या मार्गदर्शनाखालीं प्रतिदीप्तिशील रंगद्रव्यांवर पुष्कळ काम झालें आहे. चिकटपणा ओळखणारे फिरते रेणु हा त्यांतला एक विषय. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत अंकोना दत्ता यांच्या मंडळीनें पेशीपटलांतील विशिष्ट मेदरेणु जिवंत पेशींत दाखविणारे संवेदक घडविले आहेत. तरीही आपल्याकडील प्रयोगशाळा अशीं पुष्कळशीं रंगद्रव्यें अजून परदेशांतून विकत घेतात. कापडाचा रंग टनांनीं विकतो, पेशीचा मिलिग्रॅमनीं. पहिल्याचे कारखाने आपण उभारले, दुसऱ्याची कारागिरी आपल्या विद्यार्थ्यांनीं हातीं घ्यावयाची आहे. रंगांचें रसायन जुनें झालें असें समजून त्याकडे पाठ फिरविणाऱ्या तरुणानें हें ध्यानांत ठेवावें.

या विद्येचा रोग्याला उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. २०२१ सालीं महाराष्ट्रांत काळ्या बुरशीच्या रोगानें जो हाहाकार उडविला तो आपण विसरलों नाहीं. त्या रोगांत निदानाला लागणारा एकेक तास मोलाचा असतो. रोग्याच्या नाकांतून काढलेल्या तुकड्यांत बुरशीचे धागे लवकर दिसावे म्हणून कॅल्कोफ्लोर व्हाइट नांवाचें द्रव्य वापरतात. हें द्रव्य कोठून आलें? तें कापड पांढरें करण्यासाठींच निघालें होतें, टिनोपॉलच्याच जातीचें! कापसाच्या सेल्युलोजला जें चिकटतें तेंच बुरशीच्या भिंतींतील कायटिनलाही चिकटतें, आणि जंबुपार प्रकाशांत तो धागा निळा-पांढरा उजळतो. येथें पेशी जिवंत राखण्याचा प्रश्न नसतो. बाहेरची भिंत तेवढी दाखवावयाची असते. आंतला भाग जिवंतपणीं दाखविणाऱ्या द्रव्यांचें काम याच्या पुढचें आहे : नवें औषध पेशींत शिरतें कीं नाहीं, शिरून हृदयाच्या पेशीचा कॅल्शियमचा ताल बिघडवितें काय, मायटोकॉन्ड्रियाचा दाब उतरवितें काय, हें तें मनुष्याला देण्यापूर्वीं पाहतां येतें.

शेवटीं एक इशारा. चित्र जितकें सुंदर तितका पाहणारा भोळा होतो. रंग चुकीच्या जागीं चिकटलेला असूं शकतो. कॅल्शियम मोजणारें द्रव्य फार झालें तर तें स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतें आणि जी उसळी पाहावयाची तीच दाबून टाकतें. प्रखर दिव्याखालीं पेशी तडफडूं लागते, आणि ती तडफड हाच तिचा स्वभाव असें पाहणाराला वाटतें. म्हणून चांगला संशोधक रंग न दिलेली पेशी शेजारीं ठेवून पाहतो; रंग दिलेली पेशी पाहून झाल्यावर नेहमींप्रमाणें विभागते कीं नाहीं हेंही तपासतो. उत्तम रंगद्रव्य तें नव्हे, जें सर्वांत भडक चमकतें. उत्तम तें, जें अत्यल्प प्रमाणांत आणि मंद उजेडांत आपलें काम करून जातें, आणि ज्याच्या येण्याजाण्याची पेशीला दाद लागत नाहीं. मृत कापडावर रंग चढविण्यापासून निघालेली ही विद्या आज या टप्प्यावर आली आहे कीं, रंगाऱ्याचें कौशल्य रंग किती गडद चढला यावर न मोजतां रंगविलेली वस्तु किती जिवंत राहिली यावर मोजलें जातें.